मण्यारचा दंश आणि मज्जातंतूंचे सांधे



रत्नागिरीकडे सापांविषयीं बोलणें निघालें कीं प्रथम फुरशाचें नांव येतें. परंतु ज्याच्या दंशाचा सुगावाच लागत नाहीं, असा साप म्हणजे मण्यार. तो रात्रीं हिंडतो आणि जमिनीवर निजलेल्या माणसास चावतो. वेदना थोडी, सूज नाहीं. दांतांची खूणही पुष्कळदां दिसत नाहीं. पहांटे पोटांत दुखूं लागतें, मग पापण्या मिटतात, घोट गिळवत नाहीं आणि शेवटीं श्वास थांबतो. स्नायू धड, मेंदूही जागा. मग बिघडलें तें काय?

बिघडला तो मज्जातंतु व स्नायु यांमधील सांधा. दोहोंमध्यें मिलिमीटरच्या सुमारें २०,००० व्या हिश्शाएवढी फट असते. तंतूच्या टोकांत अॅसिटिलकोलीन नांवाच्या द्रव्याच्या सूक्ष्म पिशव्या असतात. मेंदूचा निरोप येतांच कांहीं प्रथिनें दोरीच्या पेडांप्रमाणें एकमेकांत पिळलीं जातात आणि पिशवीचें तोंड काठाशीं उघडतात. तें द्रव्य फट ओलांडून पलीकडील ग्राहक प्रथिनांस बिलगतें, तेव्हां स्नायु आंखडतो. पेशींतील पिशव्यांची ही वाहतूक उलगडल्याबद्दल रॉथमन, शेकमन व सुडोफ यांस २०१३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

मण्यारचें विष या सांध्यावर दोन्ही बाजूंनीं घाला घालतें. त्याचा एक घटक ग्राहक प्रथिनें अडवितो. दुसरा तंतूचें टोकच उद्ध्वस्त करितो. प्रतिविष रक्तांतील विष निकामी करितें, पण मोडलेलें टोक सांधूं शकत नाहीं; म्हणून तें लवकर मिळालें पाहिजे. आपल्याकडील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चोहोंवर चालतें. सबब साप शोधण्यांत वेळ दवडूं नये.

तंतूंस कांहीं दिवसांनीं नवीं टोकें फुटतात. तोंवर यंत्रानें श्वास चालू ठेविला, तर निष्प्राण भासणारा रोगीही उठून घरीं येतो. बाहुल्या हलत नाहींत, एवढ्यावरून त्यास मृत समजूं नये. तो कदाचित् आपलें बोलणें ऐकत असेल.

मेंदूंतील पेशींमध्यें असेच सांधे असतात. अल्झायमरच्या विकारांत पेशी मरण्याआधींच ते विरळ होऊं लागतात, आणि त्यांबरोबर स्मृति ओसरते. तेथें गेलेले सांधे परत आणण्याचा उपाय अद्यापि हातीं आलेला नाहीं. मण्यारच्या दंशांत निसर्ग स्वतःच तें काम करितो; आपण त्यास अवधि मात्र मिळवून द्यावयाचा. तो मांत्रिकाच्या दारीं मिळत नाहीं, रुग्णालयांत मिळतो.