हुलॉक गिबन : गणनेत न दिसणारा ऱ्हास

वन्यप्राण्यांच्या संख्येतील दीर्घकालीन बदल समजून घेण्यासाठी केवळ गणना पुरेशी नसते. आसाममधील हुलॉक गिबन हे याचे बोलके उदाहरण होय. भारतात आढळणारा हा एकमेव कपी असून, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश आहे.

गिबन जवळजवळ सारे आयुष्य झाडांवरच व्यतीत करतो. नर, मादी व पिल्ले असे त्याचे छोटे कुटुंब असते. मादी एका वेळी एकाच पिल्लास जन्म देते आणि दोन जन्मांमध्ये काही वर्षांचे अंतर राहते. त्यामुळे झालेली हानी लवकर भरून निघत नाही.

जोरहाट जिल्ह्यातील होलोंगापारचे जंगल १८८१ मध्ये राखीव झाले व १९९७ मध्ये अभयारण्य घोषित झाले. सुमारे २१ चौ. कि.मी. क्षेत्राचे हे अरण्य चहामळ्यांनी वेढलेले आणि लोहमार्गाने दुभंगलेले आहे. वृक्षछत्र तुटले की वयात आलेल्या गिबनांना नवे क्षेत्र व जोडीदार मिळणे कठीण होते. निकट नात्यातील प्रजननाचा धोका वाढतो. प्रौढ प्राणी दीर्घायुषी असल्याने संख्या मात्र काही काळ स्थिर दिसते. अर्थशास्त्राच्या भाषेत, हे भावी काळात फेडावे लागणारे कर्जच होय.

म्हणूनच संवर्धनाचे यश संख्येबरोबरच वनखंडांच्या सलगतेवरूनही मोजले पाहिजे. तुटलेल्या जागी स्थानिक वृक्ष लावून छत्र पुन्हा जोडणे, हीच त्या कर्जाची खरी परतफेड ठरेल.