दोन फोन, एक वाय-फाय आणि कर्नलचा गैरसमज

एकाच वाय-फायवर दोन फोन. एकावर संकेतस्थळ तत्काळ उघडते, दुसऱ्यावर नुसते चक्र फिरत राहते. मिनिटभराने त्यावरही उघडते. अशा वेळी दोष इंटरनेट सेवेच्या माथी मारला जातो. लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरच्या बाबतीत मात्र या तक्रारीचे मूळ कधीकधी कर्नलमधील ‘टीसीपी टीडब्ल्यू रीसायकल’ या पर्यायात दडलेले असे.

जोडणी संपल्यावरही लिनक्स तिची नोंद 60 सेकंद राखते. वाटेत रेंगाळलेले जुने पॅकेट नव्या जोडणीत मिसळू नये, हा त्यामागील हेतू. गर्दीच्या सर्व्हरवर अशा नोंदी हजारोंनी साचतात. त्या लवकर निकालात काढण्यासाठी हा पर्याय होता. मुळात तो बंदच असे. पण वेग वाढवण्याच्या तयार सूचना वाचून अनेक जण तो डोळे मिटून सुरू करीत.

नोंद लवकर पुसायची, तर जुने पॅकेट ओळखायचे कसे? कर्नल प्रत्येक पत्त्याकडून आलेला शेवटचा टाइमस्टॅम्प लक्षात ठेवी आणि मिनिटभराच्या आत त्याहून कमी आकड्याची विनंती आली, तर ती टाकून देई. पत्त्यामागे एकच यंत्र असेल, तर हा तर्क बिनचूक. परंतु राउटरमागील सर्व उपकरणे बाहेर एकाच पत्त्याने वावरतात आणि प्रत्येकाचा आकडा निराळा. अनेक उपकरणांत तो यंत्र सुरू झाल्यापासून मोजला जाई. त्यामुळे ‘बंद करून पुन्हा सुरू करा’ हा हुकमी उपाय उलट अंगाशी येई.

नकाराचे उत्तर जात नसे, लॉगमध्ये ओळ उमटत नसे, पिंग सुरळीत चाले. अभियंत्याने एकट्या यंत्रावरून तपासले, तर दोष दिसतच नसे. धागा हाती येई तो सर्व्हरवर ‘टीसीपीडंप’ने पॅकेट टिपल्यावर: जोडणीची विनंती पुनःपुन्हा पोहोचते आहे, उत्तर मात्र निघत नाही. एवढ्यावरून फायरवॉलचाही संशय येऊ शकतो. तो फिटे ‘नेटस्टॅट’च्या आकडेवारीत; टाइमस्टॅम्पमुळे नाकारलेल्या जोडण्यांची संख्या तेथे वाढत असे. पर्यायाचे मूल्य शून्य केले, की तक्रार थांबे.

2017 मध्ये लिनक्स 4.10 पासून प्रत्येक जोडणीचा टाइमस्टॅम्प यादृच्छिक आकड्यापासून सुरू होऊ लागला. मग एकाच यंत्राच्या दोन जोडण्यांची तुलनाही निरर्थक ठरली आणि त्याच वर्षी 4.12 मधून हा पर्याय काढून टाकण्यात आला. जुन्या सेटिंग फायलींत ती ओळ राहून गेली असेल, तर नव्या कर्नलवर ‘अशी फाइल नाही’ एवढाच संदेश येतो.