सेंट हेलेनाचें हरवलेलें रान

सेंट हेलेना हें नांव निघालें कीं सुशिक्षित माणसाला नेपोलियनची आठवण होते. १८१५ सालीं इंग्रजांनीं त्याला तेथें नेऊन ठेवलें आणि १८२१ सालीं तेथेंच त्याचा अंत झाला. ज्या लाँगवुडच्या पठारावर त्यानें आपले अखेरचे दिवस कंठले, त्या पठाराचें नांव एक निराळीच कथा सांगतें. तेथें एके काळीं घनदाट अरण्य होतें व लोक त्याला 'मोठें रान' म्हणत. नेपोलियनचें पाऊल बेटाला लागण्यापूर्वीं सुमारें नव्वद वर्षें तें बहुतेक नाहींसें झालें होतें. तें कोणीं नाहींसें केलें, आणि गेलेलें रान परत आणतां येतें काय, हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे.

आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारें १,२०० मैलांवर, अटलांटिक महासागरांत, हें सत्तेचाळीस चौरस मैलांचें बेट आहे. १५०२ सालीं पोर्तुगीज खलाशांना तें सांपडलें, तेव्हां तेथें माणूस नव्हता. इतकेंच नव्हे, तर चरणारें एकही जनावर नव्हतें. अशा एकांतांत लक्षावधि वर्षें वाढलेल्या वनस्पति जगांत अन्यत्र कोठेंही नव्हत्या. शेवंती आणि सूर्यफूल ज्या कुळांतलीं, त्याच कुळांतला 'गमवुड' नांवाचा वृक्ष तेथें रानेंच्या रानें व्यापून होता. जनावराच्या दांतांशीं ज्यांचा कधीं संबंधच आला नाहीं, त्या झाडांना स्वसंरक्षणाची गरज कशी भासणार?

पोर्तुगीजांनीं बेटावर शेळ्या सोडल्या. येत्याजात्या जहाजांना ताजें मांस मिळावें, एवढाच त्यांचा हेतु होता. पुढें १५८८ सालीं कॅव्हेंडिश हा इंग्रज दर्यावर्दी तेथें उतरला, तेव्हां शेळ्या हजारोंनीं झाल्या होत्या. शेळी मोठा वृक्ष पाडीत नाहीं. ती उगवतें रोप खाते. त्यामुळें रान बाहेरून जसेंच्या तसें दिसत राहतें, परंतु त्याची पुढची पिढी मात्र निपजत नाहीं. म्हातारीं झाडें आपल्या वेळीं कोसळतात आणि त्यांच्या जागीं उभें राहण्यास कोणी उरत नाहीं.

१६५९ पासून बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यांत आलें. कातडीं कमावण्यासाठीं झाडांच्या साली निघूं लागल्या. आबनुसाचीं लांकडें चुन्याच्या भट्ट्यांत जळूं लागलीं. अठराव्या शतकाच्या आरंभीं तेथील गव्हर्नरानें लंडनला कळविलें कीं, आबनूस वांचवावयाचा असेल तर शेळ्या नाहींशा केल्या पाहिजेत. संचालकांनीं उलट उत्तर धाडलें कीं, आबनुसापेक्षां शेळ्याच अधिक मोलाच्या आहेत, त्यांना मारूं नये. १७१६ मध्यें मोठ्या रानांत पुष्कळ झाडें उभीं होतीं. १७२४ पर्यंत जुनीं झाडें बहुतेक पडून गेलीं होतीं. १७३१ सालीं मोकाट जनावरें मारण्याचा हुकूम सुटला, पण तोंवर वेळ निघून गेली होती. उघड्या उतारांवरची माती पावसानें वाहून नेली.

सामान्य समज असा असतो कीं, शेळ्या काढल्या म्हणजे रान आपोआप परत येईल. तसें होत नाहीं. माती धुपलेली, बीज देणारें झाड शिल्लक नाहीं, आणि मोकळी जागा परदेशी वनस्पतींनीं बळकावलेली. आपल्या घायपाताप्रमाणें दोरासाठीं उपयोगी पडणारा न्यूझीलंडचा फ्लॅक्स तेथें मुद्दाम लावण्यांत आला. १९६६ सालीं तो धंदा बसला. परंतु धुक्यांतल्या उंच डोंगरांवर त्याचीं पातीं अजून देशी झाडांची जागा अडवून आहेत.

म्हणून झाडें एकेक करून शोधावीं लागतात. तेथला आबनूस हा आपल्या टेंभुर्णीच्या जातीचा खरा आबनूस नव्हे. तो भेंडी-जास्वंदीच्या कुळांतला आहे. तो कायमचा नष्ट झाला असें सर्वजण धरून चालले होते. १९८० सालीं क्वेंटिन क्राँक हे वनस्पतिशास्त्रज्ञ व बेटावरचेच जॉर्ज बेंजामिन यांना शेळ्यांचें तोंड न पोंचणाऱ्या एका कड्यावर त्याचीं दोन झुडुपें दिसलीं. त्यांच्या फांद्या लावून हजारों रोपें तयार करण्यांत आलीं. त्याच्याच नात्यांतला 'रेडवुड' मात्र अवघ्या एका झाडावर येऊन ठेपला होता. आजचीं सारीं रोपें त्या एकाचीच संतति. त्यामुळें तीं अशक्त निपजतात. आबनूस व रेडवुड यांचा संकर अधिक जोमदार होतो. त्याच्या शास्त्रीय नांवांत बेंजामिन यांचें नांव गोंवलेलें आहे.

सर्वत्र यश आलें असें नाहीं. तेथें 'ऑलिव्ह' म्हणून ओळखला जाणारा, वस्तुतः बोरीच्या कुळांतला, एक वृक्ष होता. स्वतःच्या परागानें त्याला बी क्वचितच धरे, आणि सोबतीला दुसरें झाड उरलें नव्हतें. रानांतलें शेवटचें झाड १९९४ सालीं गेलें. जोपासलेलें अखेरचें रोप २००३ सालीं मेलें. आतां तो वृक्ष जगांत नाहीं.

गमवुडवरही मोठें संकट आलें होतें. बाहेरून आलेली एक कीड त्याचा रस शोषून झाडें मारीत होती. १९९३ सालीं केनियाहून एक लहानसा ढालकिडा आणून सोडण्यांत आला. त्यानें ती कीड खाल्ली आणि उरलेलीं झाडें बचावलीं. पुढें २००० सालीं, मोठ्या रानाच्या जुन्या जागेवर, बेटवासीयांनीं स्वतःच्या हातांनीं गमवुडचीं रोपें लावण्यास प्रारंभ केला. जेमतेम साडेचार हजार वस्तीचें तें बेट! रोप लावणें सोपें. तें सशांपासून, तणापासून आणि कोरड्या वाऱ्यापासून वर्षानुवर्षें राखणें हेंच खरें काम.

कंपनीच्या वहींत शेळीची किंमत मांडतां येत होती. झाडानें धरून ठेवलेली माती आणि धुक्यांतून टिपलेलें पाणी यांच्यासाठीं त्या वहींत रकाना नव्हता. ती बाकी आज बेटावरचे लोक एकेका रोपानें फेडीत आहेत. आबनुसाच्या खात्यावर कांहीं परत जमा झालें आहे. ऑलिव्हचें खातें कायमचें बंद झालें आहे.