पखवाजाची धूम कुणी पळवली?

माझ्या मामाचं गाव सापगाव. आसनगाव स्टेशनवर उतरायचं, शहापूर गाठायचं आणि मुरबाडच्या रस्त्याला लागायचं. भातसा नदीचा पूल आला, की गाव आलंच समजा. आजोबा तिथल्या भजनात पखवाज वाजवायचे. आता आजोबा नाहीत, पण त्यांच्या भजनाची एक कॅसेट घरात आहे. एकच! गेल्या गणपतीत मामाने ती जुन्या डेकवर लावली. टाळ खणखणीत, बुवांचा आवाज स्वच्छ, पण पखवाज? नुसतं टक टक टक. कुणी पत्र्याच्या डब्यावर बोटं आपटावीत तसं.

आजी ऐकत होती. म्हणाली, "हे त्यांचं वाजवणं नव्हे. त्यांचा डावा हात असा नव्हता." आणि उठून आत गेली.

मामाने बेसचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. आवाज घुमायच्या ऐवजी फाटायलाच लागला! ओळखीच्या एका मेकॅनिकने फोनवरच निदान केलं, "वूफर गेले, नवे टाका. नाहीतर कॅसेट उतरली असेल." मामा लगेच पैशांची जुळवाजुळव करू लागला. मी म्हटलं, "मामा, थांब. चोर कुठल्या खोलीत लपलाय ते तरी आधी बघू!"

पखवाजाच्या डाव्या तोंडाला धूम म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. वाजवण्याआधी तिच्यावर ओल्या कणकेचा गोळा थापतात. कणकेच्या वजनाने चामडं जड होतं, सावकाश कंप पावतं आणि आवाज खाली उतरतो. (उजव्या तोंडावरची शाई हा आणखी वेगळाच चमत्कार. तिच्यामुळे तबला-मृदंगाचा नाद सुरेल कसा होतो, यावर सी. व्ही. रामन यांनी 1920 साली लिहिलं होतं.) आपल्या कानांना सेकंदाला साधारण 20 पासून 20,000 पर्यंत कंपनं ऐकू येतात. बेस म्हणजे यातली खालची, सावकाश कंपनं. आमच्याकडे नेमकी तीच पळाली होती.

पहिली तपासणी फुकटची. ॲम्प्लिफायरला हेडफोन लावला आणि कॅसेट सुरू केली. धूम चक्क ऐकू आली! म्हणजे कॅसेट, डेक, ॲम्प्लिफायर तिघंही सुटले. चोर पुढे, स्पीकरच्या बाजूला होता.

मग आम्ही एका स्पीकरची वायर काढून दुसरा एकटाच वाजवला. आणि गंमत बघा. आवाज लहान झाला, पण धूम आली! दुसरा एकटा वाजवला, तरी धूम आली. दोघे एकत्र वाजले की मात्र गायब. म्हणजे वूफरही निर्दोष. दोघांचं आपसात भांडण होतं!

झोपाळ्याचं उदाहरण घ्या. दोघांनी मागून एकदम ढकललं तर झोका उंच जातो. एकाने मागून आणि दुसऱ्याने समोरून त्याच क्षणी ढकललं तर? झोपाळा जागच्या जागी. स्पीकरचा कागदी पडदा असाच पुढे-मागे होऊन हवेला ढकलतो. गणपतीच्या आधी घराला रंग दिला, तेव्हा मामाने वायरी सोडल्या होत्या. पुन्हा जोडताना एका स्पीकरची लाल-काळी अदलाबदल झाली. मग एक पडदा पुढे यायचा तेव्हा दुसरा मागे जायचा. एकाने ढकललेली हवा दुसरा ओढून घ्यायचा!

मग टाळ का नाही हरवले? कारण लाटेची लांबी. आवाज सेकंदाला सुमारे 345 मीटर धावतो. 50 कंपनांच्या सुराची एक लाट जवळजवळ 7 मीटर लांब. दोन स्पीकरमध्ये अंतर असतं दीड-दोन मीटर, त्यामुळे एवढ्या लांब लाटा एकमेकींना सहज पुसून टाकतात. 5,000 कंपनांची लाट मात्र जेमतेम 7 सेंटिमीटरची. अशा लाटा कुठे मिटतात, कुठे वाढतात, आणि एकूण ऐकू येतच राहतात.

वायरी ओळखायची युक्ती सांगतो. ॲम्प्लिफायर बंद करून वायरी त्यापासून सोडवा. लाल टोकाकडची वायर पेन्सिल सेलच्या अधिक बाजूला आणि दुसरी उणे बाजूला क्षणभरच टेकवा. वूफरचा पडदा किंचित उडेल. दोन्ही स्पीकरचे पडदे एकाच दिशेने उडाले पाहिजेत. आमचा एक पुढे आला, दुसरा मागे गेला! धाकटी मामेबहीण टॉर्च धरून बसली होती, ती ओरडली, "सापडला!"

(स्पीकरला खोकं असतं तेही अशाच कारणाने. पडद्याच्या पुढची आणि मागची हवा एकमेकींना भेटली की बेस संपला. उघडा स्पीकर टेबलावर ठेवून वाजवून बघा, पटेल.)

वायर बदलली. मामाने बेसचं बटण पुन्हा मधोमध आणलं. धूम घुमली. आम्ही आजीला हाक मारली आणि खोलीच्या मधोमध खुर्ची दिली. ती म्हणाली, "आहे, पण लांबून आल्यासारखं वाटतं." मला वाटलं, आजीच्या कानांचा दोष. पण नाही! समोरासमोरच्या भिंतींत साडेतीन मीटर अंतर असलं, तर त्या सात मीटरच्या लाटेचा जोर भिंतींजवळ सगळ्यात जास्त असतो आणि बरोबर मध्ये सगळ्यात कमी. आम्ही आजीला नेमकं तिथंच बसवलं होतं. शिवाय आवाजही बारीक ठेवला होता. हळू आवाजात कानांना बेस जास्तच कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये मोजून दाखवलं. जुन्या ॲम्प्लिफायरवरचं 'लाउडनेस' हे बटण त्यासाठीच.

खुर्ची मागच्या भिंतीला लावली. आवाज थोडा वाढवला. आजी डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिली. एक अभंग संपला, दुसरा सुरू झाला. मग डोळे न उघडताच म्हणाली, "त्या दिवशी कणीक जरा जास्तच लावली होती त्यांनी."