पैनगंगेकाठची जमीन

समुद्राचे नखही न दिसणाऱ्या आदिलाबाद जिल्ह्यात जलकाठची जमीन म्हणजे पैनगंगेच्या दक्षिण तीरावरची काळी जमीन. कारण 11 ऑक्टोबर 2016 च्या विभाजनात गोदाकाठ निर्मल आणि मंचेरियालकडे गेला. त्यानंतर महिन्याच्या आत नोटाबंदी झाली, जमिनीचे सौदे जागच्या जागी थबकले, आणि आदल्या वर्षी ज्या भावाला कोणी हात लावू दिला नसता, त्याहून पुष्कळ कमी दराने माझ्या मामांना जैनद मंडलातील एक शेत सांगून आले. कागदोपत्री क्षेत्र साडेचार एकर होते.

इसार देण्यापूर्वी मामांनी 1954-55 च्या खासरा पहाणीपासूनचे उतारे, बोजा प्रमाणपत्र आणि आधीचे बयनामे काढवले. परंतु त्याहीआधी त्यांनी गाव अनुसूचित क्षेत्रात नाही ना, याची खात्री करून घेतली. त्या क्षेत्रातील जमीन मूळ आदिवासीचीच होती असे 1959 चा विनियम गृहीत धरतो, आणि 1970 च्या दुरुस्तीपासून दोन बिगर-आदिवासींमधला व्यवहारही तेथे निषिद्ध आहे. जमिनीच्या हक्कासाठी लढताना कुमराम भीम यांनी 1940 साली ज्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात प्राण वेचले, तेथे ही अट जाचक वाटणाऱ्याने जमीन घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शेतात पोहोचलो तेव्हा कपाशीची शेवटची वेचणी चालू होती. नदी सत्तर-ऐंशी पावले खाली, संथ आणि निरुपद्रवी दिसत होती. पण बांधावरच्या बाभळीत, माझ्या डोक्याच्याही वर, वाळलेले गवत, काटक्या आणि पऱ्हाटीचे एक मुळासकट झाड अडकून राहिले होते.

“भाऊ, भादव्यात पाणी इथलोक होतं,” शेतावरच्या वृद्ध सालदाराने फांदीला हात लावून सांगितले.

कोकणात भरतीची रेषा सरकारने आखलेली असते. 1991 च्या अधिसूचनेपासून तिच्या आतली 500 मीटर जमीन निर्बंधांखाली आली. आमच्या नदीची रेषा मात्र अशा बाभळीवरच वाचावी लागते.

दुसऱ्या दिवशी भूमापकाने तेहतीस फुटी साखळी टाकली. तीन बाजूंचे दगड सापडले. उत्तरेचा दगड सापडेना. दुपारपर्यंत शोधल्यावर सालदाराने दरडीखालच्या वाळूकडे बोट दाखवले : हद्दीचा दगड तेथे आडवा पडला होता, आणि त्याच्याबरोबर अठरा गुंठे शेत नदीने कधीच नेले होते. विकणाऱ्याने मंदीतला उतरलेला भाव पुढे करून पूर्ण क्षेत्राचे पैसे मागितले. मामांनी भावात घासाघीस केली नाही. क्षेत्राबाबत मात्र ते तसूभरही हलले नाहीत. दोन महिन्यांनी दस्त झाला, तो 4 एकर 2 गुंठ्यांचा.