हुद्दे राहिले, अर्थ गेले

मंडळी, आपण लवळ्यात बसलो आहोत, तेव्हा सुरुवात लवळ्यापासूनच करू. या नावाचा अर्थ काय? ओढ्याकाठी लव्हाळे उगवते, त्यावरून लव्हाळे, मग लवळे, असा पहिला तर्क कुणीही करील. दुसरा म्हणेल, छे, लवण म्हणजे जमिनीचा खोलगट वळसा. गाव डोंगराच्या कुशीत आहे, म्हणून लवणावरून लवळे. दोन्ही तर्क छान बसतात. आणि नेमके इथेच सावध व्हायला हवे. एकाच नावाला दोन वेगळे अर्थ सारखेच चांगले बसतात, याचा अर्थ नुसते बसणे हा पुरावा नव्हे. मुळशीत डोंगर आणि ओढा नाही असे गाव शोधावे लागेल! मग त्या सगळ्यांची नावे लवळे का पडली नाहीत? गावाच्या नावाचा निकाल कानाने लागत नाही. तीनचारशे वर्षांच्या कागदांत ते कसकसे लिहिले गेले, हे ओळीने मांडावे तेव्हा लागला तर लागतो.

आज आम्हांला बोलायचे आहे ते मात्र हुद्द्यांबद्दल. महाराष्ट्रात हुद्द्यांची आडनावे झाली. समोर बसलेल्यांत कुलकर्णी असतील, देशमुख असतील, पाटील तर असणारच. हा शब्द आपण रोज उच्चारतो, सही करताना लिहितो, आणि त्याचा अर्थ विचारला की काहीतरी ठोकून देतो. कुलकर्णी म्हणजे काय? ‘कुळाचा कान’, सगळ्या गावाचे ऐकून घेणारा, असा अर्थ सांगणारे अनेक भेटतात. ऐकायला गोड आहे, पण चूक आहे. इथे कर्ण नाही, करण आहे. करण म्हणजे लेखनाचे, दफ्तराचे काम. यादवांच्या दरबारी हेमाद्री पंडित होता, त्याचा हुद्दा ‘श्रीकरणाधिप’. म्हणजे राज्याच्या दफ्तराचा मुख्य. देवगिरीचा हेमाद्री आणि खेड्यातला कुलकर्णी यांच्या हुद्द्यांत एकच शब्द आहे. एकाकडे राज्याचे दफ्तर, दुसऱ्याकडे कुळांचे. आणि कुळ म्हणजे इथे घराणे नव्हे, सारा भरणारा शेतकरी.

पाटलाचे जरा अवघड आहे. माळव्याच्या परमार राजांच्या ताम्रपटांत ‘पट्टकिल’ नावाचा गावचा माणूस येतो. दान दिलेल्या गावातल्या रहिवाशांना आणि पट्टकिलाला राजा आज्ञा सांगतो. पट्टकिलाचा पाटील झाला, इतके ठीक. पण पट्ट म्हणजे काय? कापड? लेखाचा पट्टा? जमिनीचा पट्टा? शब्द फोडून तिन्ही उत्तरे निघतात, आणि तिघांपैकी एकही आपल्याला तो माणूस सकाळी उठून काय करीत असे हे सांगत नाही.

आमचा विषय तत्त्वज्ञान, म्हणून इथे एक जुना भेद आठवतो. आपल्या शास्त्रकारांनी शब्दांचे यौगिक, रूढ आणि योगरूढ असे प्रकार केले. ‘पाचक’ यौगिक: शब्द फोडा, पकवणारा हा अर्थ हाती येतो. ‘पंकज’ योगरूढ: फोडला तर चिखलात जन्मलेले काहीही, पण वापरात फक्त कमळ. बेडूक चिखलात जन्मला तरी त्याला पंकज म्हणायचे नाही. आता बघा, राज्यकारभाराचे जवळजवळ सगळे शब्द पंकजासारखे असतात. तोंडवळा फोडता येतो, पण अर्थ वापरात असतो. आणि वापर संपला, कचेरी बंद पडली, की हातात फक्त तोंडवळा उरतो. विटगेन्श्टाइनने विसाव्या शतकात शब्दाचा अर्थ त्याच्या वापरात पाहा म्हणून सांगितले, त्याचे आम्हांला कौतुक आहेच. पण मोडी कागद वाचणाऱ्याला हे रोज पोटापाण्यासारखे कळते.

उदाहरण घ्या फडणीसाचे. ‘नीस’ म्हणजे फारसी ‘नवीस’, लिहिणारा. याबद्दल वाद नाही. चिटणीस, पोतनीस, पारसनीस, वाकनीस सगळीकडे तोच. पण ‘फड’ कुठला? एक म्हणतो, फारसीतला ‘फर्द’, म्हणजे यादी. दुसरा म्हणतो, आपला मराठी फड, म्हणजे कचेरी. आम्हांला वाटते की फडावर बसून फर्दा लिहिणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडलाच नसेल. ऐकणारे दोन्ही ऐकत असतील. व्युत्पत्तीला एकच बाप लागतो, वापराला तशी गरज नसते.

या शब्दांचा एकदा जाणूनबुजून फेरबदलही झाला. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून राज्यव्यवहारकोश तयार झाला. रघुनाथपंडितांच्या नावाने तो ओळखला जातो. दहा वर्ग, सुमारे १३८० शब्द. कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द. १६७४च्या राज्याभिषेकाच्या वेळी पेशवा पंतप्रधान झाला, मुजुमदार अमात्य झाला, सुरनीस सचिव, डबीर सुमंत, सरनोबत सेनापती. पुढे काय झाले ते आपल्या आडनावांत पाहा. मुजुमदार आहेत, डबीर आहेत, सरनोबत आहेत. शेजारच्या भोर संस्थानाचे पंतसचिव सोडले, औंधचे पंतप्रतिनिधी आणि बावड्याचे पंतअमात्य सोडले, तर नवी नावे घराघरांत फारशी उतरली नाहीत. आणि पेशवा तर पेशवाच राहिला. राजाज्ञेने शब्द बदलतो, सवय बदलायला वेळ लागतो.

‘सेनापती’ या शब्दाचे मात्र याच तालुक्यात काही वेगळे झाले. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला आणि त्याचे पुढारी पांडुरंग महादेव बापट यांना लोक सेनापती म्हणू लागले. ना फौज, ना सनद, ना पगार. पाठीशी होते ते जमीन पाण्याखाली जाणार म्हणून उठलेले मावळचे शेतकरी. सरनोबताच्या जागी बसवलेला शब्द अडीचशे वर्षांनी मुळशीच्या माणसांनी स्वतः कुणाला तरी दिला. कोशात पाहून हा अर्थ सापडायचा नाही.

आता, अर्थ न कळणारे शब्द त्रास देतात खरे, पण ते प्रामाणिक असतात. आपल्याला थांबवतात. धोका असतो तो ओळखीच्या शब्दांचा. ‘कारखाना’ वाचला की आपल्याला धुराडे दिसते. शिवकाळात कारखाना म्हणजे कोठार किंवा राज्याचे एखादे खाते. किल्ल्यावरचा कारखानीस धान्य, दारूगोळा, सामान यांचा हिशेब ठेवी. ‘हवालदार’ घ्या. आज तो पोलीस चौकीत आपल्याला ‘काय काम आहे’ म्हणून विचारतो. तेव्हा गडाचा हवालदार म्हणजे ज्याच्या हवाली गड केला तो. दरवाजाच्या चाव्या त्याच्याकडे. ‘अमुक गडावर हवालदार नेमला’ हे वाक्य आजच्या कानाने वाचले तर गडाचा सगळा मामलाच किरकोळ वाटेल.

असे इतर भाषांतही झाले आहे. ब्रिटनच्या पश्चिमेला वेल्स आहे. तिथल्या जुन्या कथांत ‘माक्सेन व्लेदिग’ नावाचा सम्राट येतो. हा म्हणजे चौथ्या शतकातला रोमन सम्राट माग्नुस माक्सिमुस. त्याच्या नावापुढची ‘ग्वलेदिग’ ही पदवी ‘ग्वलाद’ म्हणजे देश या शब्दापासून आली. देशाचा स्वामी. आजच्या वेल्श भाषेत ग्वलेदिग म्हणजे काय? ग्रामीण, खेडवळ! आपल्या देशमुखातला ‘देश’ही असाच फसवतो. तो देश म्हणजे राष्ट्र नव्हे, काही गावांचा परगणा.

आता थोडे जोडशब्दांकडे येऊ, कारण आमच्या मते सगळ्यांत मोठी गंमत आणि सगळ्यांत मोठी जोखीम तिथेच आहे.

गावगाड्यात बारा बलुते आणि अठरा अलुते, असे आपण शाळेत पाठ केले. बलुते म्हणजे सुतार, लोहार, कुंभार यांना सुगीत मिळणारा धान्याचा वाटा. मग अलुते म्हणजे काय? या ‘अलु’चा शोध घेणाऱ्यांनी बरीच मेहनत केली आहे. आम्हांला मात्र वाटते की इथे सापडण्यासारखे काही नाही. मराठीला प्रतिध्वनीची सवय आहे. शेजारीपाजारी, अडगळबिडगळ, कारू-नारू. यातला ‘पाजारी’ कोण, असे आपण विचारतो का? बलुत्याला जोड म्हणून अलुते आले, आणि मग त्या रिकाम्या शब्दाच्या यादीत माणसे भरली गेली. म्हणूनच अठरा अलुत्यांची यादी गावागणिक बदलते. अर्थ हरवला नाही, तो मुळात नव्हताच.

हे कळल्यावर शहाणा माणूस लगेच पुढची चूक करतो. जुन्या सनदांत वतन किंवा इनाम ‘अवलाद व अफलाद’ चालवावे असे येते. आता हेही तसेच दिसते की नाही? अवलाद म्हणजे मुलेबाळे, आणि अफलाद म्हणजे पाजारी! पण नाही. मूळ अरबी ‘अह्फाद’, म्हणजे नातवंडे. मराठी लेखणीने यमकाच्या ओढीने ‘ह’ घालवून, ‘ल’ घालून त्याचे अफलाद केले. कपडे प्रतिध्वनीचे, पण आत माणूस आहे. आणि तो साधा माणूस नव्हे, वारस आहे. इनाम एकट्या धन्यापुरते होते की पुढच्या पिढ्यांना होते, यावर घर बसे किंवा उठे. १८५२च्या कायद्याने मुंबई इलाख्यात इनाम कमिशन बसले, तेव्हा हजारो घराण्यांपुढे हाच प्रश्न आला: तुमच्या कागदात काय लिहिले आहे आणि त्याचा अर्थ काय? एका शब्दाचा अर्थ तिथे पोटाशी बांधलेला होता.

वेदांच्या बाबतीतही हाच वाद फार पूर्वी झाला. ‘जर्भरी तुर्फरी’ हे ऋग्वेदातले शब्द. चार्वाकांनी त्यांची टवाळी केली की ही पंडितांची बडबड आहे. कौत्साने तर मंत्रांना अर्थच नाही म्हणून सांगितले. यास्काने उत्तर दिले की आंधळ्याला खांब दिसला नाही, हा खांबाचा अपराध नव्हे. यास्काचे उत्तर जोरदार आहे. पण आम्हांला कौत्साबद्दलही आदर आहे. प्रत्येक शब्दात खांब असतोच असे नाही, एवढे तरी त्याच्यामुळे लक्षात राहते. अलुत्यांपुढे कौत्स बरोबर, अफलादीपुढे यास्क.

मग ओळखायचे कसे? कधी कधी शेजारी मदतीला येतो. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी मराठी लेख आहे, हे आपण जाणतो. त्याच्या दुसऱ्या ओळीत गंगराजाने ‘सुत्ताले’ करविले असे म्हटले आहे. आता मराठीत सुत्ताले म्हणजे काय? सूत? सुतार? डोके कितीही खाजवा, मराठीतून उत्तर येणार नाही. पण बाजूलाच कानडीत हीच गोष्ट लिहिली आहे, तिथे शब्द आहे ‘सुत्तालय’. कानडीत ‘सुत्त’ म्हणजे भोवताली. मूर्तीभोवतीचे आवार, तो परकोट. आणि शब्द कळताच काळही कळला: हा गंगराज होयसळ विष्णुवर्धनाचा सेनापती, म्हणजे बाराव्या शतकाचा पूर्वार्ध. मूर्ती करविणाऱ्या चावुंडरायाची ओळ आणि ही ओळ एका काळातल्या घटनेच्या नव्हेत. एका परक्या शब्दाने केवढे काम केले! वि. का. राजवाड्यांसारखा प्रचंड माणूस प्रत्येक गोष्ट संस्कृतातून काढायला बघे, तेव्हा आम्हांला वाटते की यांनी शेजाऱ्याचे दार जास्त वेळा ठोठवायला हवे होते.

आता शेवटचा एक शब्द, ‘वतन’. अरबीत जन्मभूमी. आपल्याकडे गावातले वंशपरंपरेचे काम आणि त्याबद्दलचा हक्क. देशमुखी हे वतन, पाटीलकी हे वतन आणि महारकी हेही वतन. शब्द एकच, पण वापर बघा. वरच्यांसाठी मान, खालच्यांसाठी रात्रंदिवसाची वेठ. १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाबद्दल विधेयक मांडले, ते या दुसऱ्या अर्थाविरुद्ध. पुढे १९५८च्या कायद्याने ही कनिष्ठ गणलेली वतने गेली. ‘येसकर’ हा शब्द फोडला तर वेसकर, वेशीचा राखणदार. चांगला, जबाबदारीचा हुद्दा आहे. पण फोडून मिळालेला हा मान त्या माणसाला गावाने कधी दिला होता का? इथे योग सांगून रूढी लपवणे हा व्युत्पत्तीचा खेळ राहत नाही, ती लबाडी होते.

याच वतनांची नावे जमिनींना चिकटून आहेत. हाडकी, हाडोळा या महार वतनाच्या जमिनी. पासोडी म्हणजे एरवी अंगावर घ्यायचे जाड पांघरूण, पण गावात वतनदाराची इनाम जमीन. १९४७च्या कायद्यानंतर जमिनींचे एकत्रीकरण झाले, गट नंबर आले, आणि कागदावरून नावे मागे पडली. इकडे आता शेतांचे प्लॉट होत आहेत, म्हणजे बोलण्यातूनही जातील. तुमच्या घरात सत्तर-ऐंशी वर्षांचे कुणी असेल तर या आठवड्यात त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. शेताचे नाव ते म्हणतात तसेच लिहा, शुद्ध करू नका. अर्थ विचारू नका. विचारलात तर ते तुम्हांला बरे वाटावे म्हणून काहीतरी रचून सांगतील. विचारा की तिथे कोण राबत असे, पीक कुणाच्या घरी जाई, आणि त्या बदल्यात काय काम करावे लागे. शेजारी गट नंबर टाका, आणि सांगणाऱ्याचे नाव व तारीख.