उमराहची पहिली रात्र विमानात

गेल्या जानेवारीत आम्ही पाच जण उमराहला निघालो. आम्ही दोघे, दोन मुले आणि सत्तरी ओलांडलेल्या अम्मी. महिनाभर मक्का-मदिनेची तयारी केली, दुआ पाठ केल्या. विमानातल्या रात्रीचा विचार मात्र केलाच नाही. मुंबई ते जेद्दा सुमारे साडेतीन हजार किलोमीटर, साडेपाच तासांचा प्रवास. त्यात काय अवघड, असे वाटले होते.

विमान रात्री दहाचे होते. अम्मींना मधुमेह आहे. जेवण विमानात मिळेलच, या हिशेबाने त्यांनी साडेनऊला इन्सुलिन घेतले आणि तेवढ्यात उड्डाण लांबल्याची सूचना झाली. आधी एक तास, मग दोन, शेवटी चार. साडेदहाच्या सुमारास अम्मींना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. खाण्याचे सगळे सामान आम्ही मोठ्या बॅगांत भरून देऊन टाकलेले! काय करावे सुचेना. शेजारी बसलेल्या मालेगावच्या एका खालांनी पिशवीतून ग्लुकोजची पूड काढली, पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा-वीस मिनिटांनी अम्मी सावरल्या आणि म्हणाल्या, "मला काबा दाखवायचाय ना? मग आधी बिस्किटं आणा." आमच्या डोळ्यांत पाणी होते, तरी हसू आले.

दोन वाजता विमान उडाले. पुरुषांनी विमानतळावरच एहराम नेसला होता. दोन चादरींत थंडी बोचू लागली, तेव्हा खांद्यावर घोंगडी घेतली. पश्चिमेकडे जाताना रात्र लांबत जाते. खिडकीबाहेर अंधार सरेचना, झोपही लागेना.

उतरण्याच्या थोडे आधी मीकात जवळ आल्याची घोषणा झाली आणि स्वच्छतागृहापुढे एकच गर्दी उसळली. पुढच्या रांगेतले एक चाचा रडवेले झाले होते. त्यांचा एहराम मोठ्या बॅगेत राहिला होता. जेद्दा मीकातच्या आत येते. एहरामशिवाय हद्द ओलांडली, तर मीकातवर परत जावे लागते, नाहीतर दम द्यावा लागतो. मुलासाठी जवळ ठेवलेला जादा जोड आम्ही त्यांना दिला. त्या खालांच्या ग्लुकोजची परतफेड दुसऱ्याच्या हाती गेली. मग सगळ्यांनी नियत केली. अम्मींनी हळू आवाजात तलबिया सुरू केला.

आपल्या घड्याळात साडेसात आणि जेद्दात पहाटेचे पाच वाजले असताना उतरलो. फजरची वेळ अजून व्हायची होती. अल्हम्दुलिल्लाह, नमाज जमिनीवर मिळाली.

उमराहला निघणाऱ्यांना आमचे एवढेच सांगणे. औषधे, इन्सुलिन, खजूर, ग्लुकोज आणि एहराम हातातल्या पिशवीतच ठेवा. सामानकक्षात इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकते. जेवणाआधीचे इन्सुलिन ताट समोर आल्यावरच घ्यावे का, आणि अडीच तासांच्या फरकाने औषधांच्या वेळा कशा बदलाव्यात, हे डॉक्टरांना आधी विचारा. घोषणेची वाट न पाहता वुजू करून तयार राहा. नियतीनंतर विमानात मिळणारा सुगंधी ओला रुमाल वापरू नका. वृद्धांना अधूनमधून चालवा, पाणी पाजा.

आणि थोडे खाणे जास्तीचे घ्या. शेजारी कोणाची तरी अम्मी बसलेली असेल.